जग टाकलं, नियम उचलले : ‘डाय’ कॉमिक आणि त्याच्या खेळाचं प्रकरण

कॉमिकवरून टेबलटॉप खेळ (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक पात्र वठवायचा खेळ) निघतो तेव्हा काय होतं, हे साधारण ठरलेलं आहे. कॉमिक चालतं, एखादी कंपनी परवाना घेते आणि दोन-तीन वर्षांनी जाडजूड पुस्तक बाजारात येतं. त्यात नकाशे असतात, राजघराण्यांच्या वंशावळी असतात, नायकाच्या ताकदीला किती गुण आणि खलनायकाच्या तलवारीला किती, याची कोष्टकं असतात. चाहते ते हौसेनं घेतात, चाळतात, कपाटात उभं करतात. खेळणारे थोडेच. कारण मूळ कथेत जे घडायचं ते घडून गेलेलं असतं, आणि खेळणाऱ्याच्या वाट्याला येतं ते रिकामं नेपथ्य.

कीरन गिलेन या इंग्लिश लेखकाचं ‘डाय’ (इंग्रजीत फासा, आणि मरणंही) या वाटेनं गेलं नाही, म्हणून ते सविस्तर बघण्यासारखं. एकाच कल्पनेवर त्यानं कॉमिक लिहिलं आणि त्याच काळात, त्याच टेबलावर, तिचा खेळही बांधायला घेतला. खेळ पूर्ण होईपर्यंत कॉमिकमधलं जवळपास सगळं जग त्यानं खेळातून काढून टाकलेलं होतं. आपल्याकडे कॉमिक्स लिहू बघणारे आहेत, टेबलटॉपचे गट पुण्या-मुंबईत आहेत आणि एकांकिका लिहिणाऱ्यांना तर तोटाच नाही. यांपैकी कुणालाही कामाला येईल असं या प्रकरणात बरंच काही आहे.

गिलेन मुळात व्हिडिओ गेम्सचा पत्रकार. ‘पीसी गेमर’ मासिकात होता, 2007 मध्ये तिघा सहकाऱ्यांबरोबर ‘रॉक पेपर शॉटगन’ ही गेम्सवरची साइट काढली आणि 2010 मध्ये ती सोडून पूर्णवेळ कॉमिक्समध्ये आला. म्हणजे खेळ कसा चालतो, कुठे अडतो, खेळणाऱ्याला केव्हा कंटाळा येतो, हे तपासून लिहिण्यावर त्याची कित्येक वर्षं रोजीरोटी चालली होती. पुढच्या गोष्टी समजायला हे लक्षात ठेवलेलं बरं. कॉमिक लिहिता लिहिता सहज खेळ सुचला, अशातला भाग नाही.

‘डाय’चा पहिला अंक डिसेंबर 2018 मध्ये इमेज कॉमिक्सकडून आला, विसावा आणि शेवटचा सप्टेंबर 2021 मध्ये. चित्रं स्टेफनी हान्स या फ्रेंच चित्रकर्तीची, अक्षरलेखन क्लेटन काउल्सचं. या काळात गिलेनच्या टेबलावर आणखी काय काय होतं ते पाहिलं की छाती दडपते. ‘द विकेड अँड द डिव्हाइन’ ही पंचेचाळीस अंकांची मालिका 2019 मध्ये संपत आली होती. मार्व्हलसाठी ‘स्टार वॉर्स’ चालू होतं, तेही त्याच वर्षी संपलं. ‘वन्स अँड फ्यूचर’ सुरू झालं. पुढच्या दोन वर्षांत ‘ल्युडोक्रॅट्स’, वॉरहॅमरच्या विश्वातलं एक लघुकॉमिक आणि ‘इटर्नल्स’.

कॉमिक लेखकाचा आठवडा असा का भरतो, यामागे हिशेब आहे आणि तो कळल्याशिवाय प्रकरण कळत नाही. अमेरिकी पद्धतीचा मासिक अंक साधारण वीस-बावीस पानांचा. चांगला चित्रकार दिवसाला एक पान काढतो असं धरलं तर महिन्याला एक अंक. आणि हान्ससारखी रेषा, रंग, प्रकाश सगळं एकटीनं रंगवणारी असेल तर तेवढंही कठीण. लेखकाला मात्र तोच अंक लिहायला त्यामानानं खूप कमी वेळ लागतो. उरलेल्या वेळात तो दुसरा, तिसरा, चौथा अंक लिहू शकतो, आणि पोटासाठी त्याला ते करावंच लागतं. मार्व्हलसारखी कंपनी पानामागे ठरलेले पैसे देते, पण हक्क कंपनीचे. इमेजमध्ये उलट. हक्क लेखक-चित्रकारांचे, कंपनी ठरावीक शुल्क कापून घेते, छपाईचा खर्च वजा होतो आणि उरलं तर ते यांचं. आगाऊ काही नाही. त्यामुळे स्वतःच्या मालकीची मालिका करायची तर घरखर्च दुसऱ्याच्या मालिकेतून काढायचा, हा तिकडचा रिवाज आहे. (आपल्याकडे नाटकवाली मंडळी मालिकांचे संवाद लिहून प्रायोगिक नाटक करतात, त्यांना हे समजावून सांगायला नको.)

या आठवड्याची दुसरी गंमत अशी की लेखक कधीच एका अंकात नसतो. सोमवारी अकराव्या अंकाची संहिता चालू असते: पान, चौकट, चौकटीत कोण कुठे उभं आहे, कोण काय म्हणतं. मंगळवारी दहाव्याची रंगवलेली पानं येतात आणि स्वतः लिहिलेले निम्मे संवाद आता नकोत असं दिसतं, कारण चित्रातल्या चेहऱ्यानं ते आधीच सांगून टाकलंय. बुधवारी नवव्याचं अक्षरलेखन तपासायचं. बुधवारीच तिकडच्या दुकानांत नवे अंक लागतात, म्हणजे सातवा-आठवा त्याच दिवशी वाचकाच्या हातात पडतो आणि त्यावरची मतं कानावर यायला लागतात. आणि यातच कधीतरी चौदाव्या अंकाची जाहिरात-टीप लिहून द्यायची, कारण दुकानदारांना ऑर्डरी नोंदवायला महिने आधी यादी लागते. त्यांनी एकदा घेतलेले अंक बहुतेक वेळा परत करता येत नाहीत, म्हणून ते जपून घेतात. पहिला अंक भरपूर, मग उतरती भाजणी. दिवसांची वाटणी मी सोयीसाठी केली आहे, पण कामाचं हे असं एकमेकांवर चढणं कुठल्याही मासिक मालिकेच्या लेखकाला चुकत नाही.

अशा आठवड्यात खेळाचे नियम लिहायला वेळ काढणं म्हणजे अव्यापारेषु व्यापार वाटावा. गिलेननं तो का केला, हे कॉमिकच्या कथेत शिरल्यावर कळतं.

1991 साल. इंग्लंडमधली सहा पोरं. त्यांच्यातल्या एकाच्या, अ‍ॅशच्या, सोळाव्या वाढदिवसाला सोल नावाचा मित्र स्वतः रचलेला खेळ खेळवायला बसतो. प्रत्येकाला एकेक फासा देतो, आणि सगळे नाहीसे होतात. दोन वर्षांनी पाच जण परत येतात. सोल येत नाही. अ‍ॅशची बहीण अँजेला एक हात गमावून येते. काय झालं ते कुणालाही सांगता येत नाही. तोंडच उघडत नाही. पुढे पंचवीस वर्षं जातात, सगळे चाळिशी ओलांडतात, संसार मांडतात, मोडतात, आणि मग रक्तानं माखलेला वीस बाजूंचा फासा पार्सलमधून येतो.

1983 ते 1985 मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या गाजलेल्या टेबलटॉप खेळावरची कार्टून मालिका होती. त्यातली मुलं करमणुकीच्या बागेतल्या एका राइडमध्ये बसून जादूच्या जगात अडकतात आणि मालिका त्यांना घरी न पोचवताच बंद पडली. त्या मुलांचं पुढे काय झालं असेल, हा प्रश्न ‘डाय’च्या मुळाशी आहे. गिलेन स्वतः आपल्या कॉमिकला ‘गॉथ जुमान्जी’ म्हणायचा. पण हे विनोदी वर्णन थोडं फसवं आहे. जुमान्जीत खेळ बाहेर येऊन तुमचं घर मोडतो. इथे तुम्ही आत जाता आणि तिथलं प्रत्येक संकट तुम्हीच पूर्वी कधीतरी मनात पाळलेलं निघतं.

कथेतले सहा फासे म्हणजे सहा प्रकारचे खेळगडी. चार बाजूंचा ‘डिक्टेटर’चा: तो आवाजानं दुसऱ्याच्या मनात हवी ती भावना उठवू शकतो. सहा बाजूंचा ‘फूल’चा, म्हणजे इंग्रजीतल्या मूर्ख-विदूषकाचा: जोवर तो कशालाच गंभीरपणे घेत नाही तोवर नशीब त्याच्या बाजूनं. आठ बाजूंचा ‘इमोशन नाइट’: एका भावनेवर त्याची तलवार चालते, आणि कॉमिकमधल्या मॅटच्या वाट्याला आलेली भावना आहे शोक. दहा बाजूंचा ‘निओ’: हिचं सगळं यंत्रबळ सोन्यावर चालतं आणि ते सोनं दिवसापुरतंच टिकतं, म्हणजे रोज उठून पुन्हा शोधायचं. बारा बाजूंचा ‘गॉडबाइंडर’: देवांशी सौदे करायचे, देव कामं करतात आणि मग वसुलीला येतात. वीस बाजूंचा ‘मास्टर’चा, तो खेळवणाऱ्याकडे.

यातली मेख बघा. हे सगळे अधिकार म्हणजे सवयींचं वर्णन आहे. निओची रोज सकाळी सोनं शोधण्याची पाळी हे व्यसनाचं वेळापत्रक आहे. आणि निओ झालेली अँजेला बाहेरच्या जगात गेम कंपनीत कोड लिहिणारी, म्हणजे डेडलाइनवर जगणारी. डिक्टेटरला कुणाचंही प्रेम मिळवता येतं, फक्त ते खरं आहे का हे त्याला कधीच कळणार नाही. मॅटच्या तलवारीला शोक हवा, म्हणून मॅट बरा झाला की निःशस्त्र झाला. असे नियम लिहिताना ते खरंच चालतात का, त्यातून माणसं सापळ्यात अडकतात का, हे तपासायचं कसं? गिलेननं सरळ मार्ग धरला: ते खेळून बघायचे. कॉमिक लिहिण्याची पूर्वतयारी म्हणून खेळ सुरू झाला. 2019 मध्येच त्याची चाचणी-आवृत्ती फुकट उतरवून घ्यायला ठेवली गेली, म्हणजे कॉमिकची कथा अर्ध्यावरही आलेली नव्हती तेव्हा.

मालिकेचे पाच-पाच अंकांचे चार खंड झाले. अंकांच्या मागच्या पानांत गिलेन टेबलटॉप खेळांच्या इतिहासावर लिहायचा, आणि तो इतिहास कथेतही माणसं होऊन येतो. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टॉल्किन भेटतो. ‘जेन एअर’ची लेखिका शार्लट ब्रॉन्टी भेटते. तिच्या भावाला 1826 मध्ये मिळालेल्या बारा लाकडी शिपायांवरून त्या भावंडांनी अख्खी राज्यं रचली होती, हे इथे नुसती माहिती म्हणून येत नाही, ‘डाय’च्या जगाचा एक कोपरा त्याच राज्यांतून उभा राहतो. तिसऱ्या खंडात हे ओझं जरा जास्त होतं असं माझं मत. पानापानावर संदर्भ, आणि पात्रं श्वास घ्यायला मागतायत. हान्सची चित्रं नसती तर तो भाग मी अर्ध्यात ठेवला असता. तिच्या लाल रंगाबद्दल वेगळं लिहायला हवं. इथे एवढंच की संवाद दाटले तिथे तिनं चौकटी मोकळ्या ठेवल्या आहेत.

आता मुद्द्याकडे. कॉमिक पुढे सरकत होतं तेव्हा खेळाच्या बाजूला गिलेनसमोर दोन वाटा होत्या. एक ठरलेली: कॉमिकमधलं वीस बाजूंच्या फाशासारखं जग, त्यातली राज्यं, शहरं, देव, सगळं खेळाच्या पुस्तकात भरायचं आणि म्हणायचं, या, अ‍ॅश व्हा, अँजेला व्हा. दुसरी वाट त्यानं घेतली. खेळात तुम्ही अ‍ॅश होत नाही. त्याचं जगही तुम्हाला मिळत नाही. तुम्हाला मिळते ती सोलनं केलेली कृती: काही जुने मित्र एका टेबलाशी बसतात, प्रत्येकाला एकेक फासा मिळतो आणि ते आत ओढले जातात. मित्र कोण, त्यांच्यात काय बिनसलं, आत कसलं जग असेल, हे सगळं तुमच्या गटानं ठरवायचं.

त्यामुळे इथे दुहेरी सोंग आहे. तुम्ही आधी एक साधा माणूस रचता, आजच्या काळातला, नोकरीधंद्याचा, मनात काहीतरी अडकलेला. मग तो माणूस डिक्टेटर किंवा फूल होतो. खेळवणाराही याला अपवाद नाही. बाकी खेळांत गेम मास्टर पडद्यामागून सूत्रं हलवतो. इथे त्यालाही गटातला एक मित्र रचावा लागतो, आणि आत गेल्यावर तोच मित्र ‘मास्टर’ होतो. तो चुकू शकतो, सूड घेऊ शकतो, आपल्या मित्रांना अडकवून ठेवू शकतो. घरी परतायचं तर नियम एकच: जिवंत असलेल्या सगळ्यांचं एकमत झालं पाहिजे. मेलेला माणूस ‘फॉलन’ होतो आणि कुणाला तरी मारून परत जिवंत होऊ शकतो. तेवढ्या दोन नियमांत नाट्य ठासून भरलंय. बाकी गणित सोपं आहे: गुणाच्या आकड्याइतके साधे सहा बाजूंचे फासे टाकायचे, चार किंवा वर आलं की यश, सहा आला तर विशेष काही, काम अवघड असेल तर यशातून वजाबाकी. ज्याचा जो खास फासा, तो आपल्या अधिकाराच्या वेळी सोबत पडतो.

हे पुस्तक 2022 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर आलं आणि पुढच्या वर्षी छापील रूपात लोकांच्या हाती पडलं. प्रकाशक रोवन, रूक अँड डेकार्ड, ब्रिटनमधलीच छोटी संस्था, जिच्यामागे ग्रँट हाविटसारखे मुरलेले खेळकार आहेत. हाही निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. कॉमिकच्या प्रकाशकाकडे खेळ छापायचं अंग नसतं. पुठ्ठा, फासे, नियमांची मांडणी, सापडायला सोपी अनुक्रमणिका, हे वेगळं शास्त्र आहे. फुकटच्या चाचणी-आवृत्तीपासून छापील पुस्तकापर्यंत तीन-चार वर्षं गेली, तेवढ्यात अनोळखी टेबलांवर तो कितीतरी वेळा मोडला आणि सांधला गेला असणार. आठवड्यात पाच-सहा कामं असलेल्या लेखकाला हा संथपणा परवडला, कारण खेळावर त्याची चूल अवलंबून नव्हती.

नियम कागदावर कसे दिसतात यापेक्षा टेबलावर काय करतात हे महत्त्वाचं, म्हणून आमच्याकडचा एक खेळ सांगतो. पुण्यातलं घर, शनिवारची संध्याकाळ, चार खेळणारे आणि मी मास्टर. सगळे मराठीतच खेळलो. गट कुठला घ्यायचा यावर चर्चा सुरू झाली आणि कुणीतरी म्हणालं, कॉलेजचा पुरुषोत्तमचा चमू घेऊ. बस्स. त्यानंतर कुणाला काही समजवावं लागलं नाही. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा म्हणजे काय हे पुण्यात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. भरत नाट्य मंदिर, तालमींचे महिने, ‘आव्वाज कुणाचा’, आणि निकालानंतर टिळक रोडवर चहाच्या टपरीशी झालेली भांडणं. आमचा काल्पनिक चमू पंधरा वर्षांपूर्वी अंतिम फेरीत रिकाम्या हातानं परतला होता आणि त्यानंतर एकत्र भेटला नव्हता.

मग मी पुस्तकात सुचवल्यासारखे प्रश्न विचारत गेलो. तुझी नि दिग्दर्शकाची शेवटची भेट कधी? तू त्या वर्षी कुणाचं मन मोडलंस? एक जण, जो खऱ्या आयुष्यात बँकेत आहे, त्यानं रचलेला माणूस प्रकाशयोजना करणारा होता. तो म्हणाला, “शेवटच्या प्रवेशाला मी ब्लॅकआउट दोन सेकंद उशिरा दिला. कुणी मला काही बोललं नाही. आजपर्यंत नाही बोललं.” टेबल गप्प. दुसरीनं लगेच आपल्या कागदावर काहीतरी खोडलं आणि लिहिलं. तिची व्यक्तिरेखा म्हणजे त्या नाटकाची लेखिका, आणि नाटक त्या दोन सेकंदांमुळे हुकलं असं ती पंधरा वर्षं धरून बसलेली, हे तिनं त्या क्षणी ठरवलं.

आमचं जग तिथून बनलं. प्रकाश रेशनवर मिळणारं राज्य. प्रकाशयोजनावाला साहजिकच निओ झाला. त्याचं दिवसापुरतं सोनं आमच्याकडे उजेड झालं, डिमरच्या खटक्याएवढ्या कुप्यांत भरलेला, पहाट झाली की विझणारा. लेखिका गॉडबाइंडर झाली, आणि तिचे देव म्हणजे तीन परीक्षक, ज्यांचे चेहरे कधी दिसत नाहीत, फक्त समोरच्या टेबलावरचा छोटा दिवा दिसतो. ती त्यांच्याकडून काही मागायची तेव्हा ते म्हणायचे, “बघू.” हा शब्द मी मास्टर म्हणून सहज टाकला होता, तिसऱ्या वेळी तिच्या चेहऱ्यावर खरा राग दिसला. तिसरा गडी, पात्रयोजनेतून ऐनवेळी काढून टाकलेला नट, इमोशन नाइट झाला आणि त्यानं भावना निवडली मत्सर. चौथा फूल: तो त्या वर्षी बॅकस्टेजला होता, सगळ्यांशी बरं होतं त्याचं, आणि सगळे भेटावेत असं त्या एकट्यालाच मनापासून वाटत होतं. घरी जायचं की नाही यावर मत द्यायची वेळ आली तेव्हा तोच ‘नाही’ म्हणाला.

हे सगळं कॉमिकमध्ये कुठेही नाही. टॉल्किन नाही, ब्रॉन्टी नाही, अ‍ॅश नाही. तरीही खेळून उठल्यावर, ज्यांनी कॉमिक वाचलं होतं त्यांना आपण ‘डाय’ खेळलो याबद्दल शंका नव्हती, आणि ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांचं काहीच अडलं नव्हतं. परवान्यावर निघालेल्या खेळांना हे साधत नाही. त्यांत न वाचलेला माणूस परका राहतो आणि वाचलेला मूळ कथेच्या सावलीत.

खेळात त्रुटी आहेतच. मास्टरवर भार फार पडतो. प्रश्नांची उत्तरं ऐकून तिथल्या तिथे जग रचायचं, त्यात स्वतःचं पात्र चालवायचं, शिवाय सहा प्रकारच्या खेळगड्यांचे नियम लक्षात ठेवायचे. हे ज्याला सवय नाही त्याला झेपत नाही. गॉडबाइंडर आणि डिक्टेटरचे नियम तर दोनदा वाचल्याशिवाय हाताशी येत नाहीत. आणि खेळ खऱ्या जखमांच्या इतका जवळून जातो की कोणते विषय नकोत, कुठले आडून यावेत, कुणाला थांबायचं असेल तर त्यानं काय करावं, हे आधी बोलून घेतलंच पाहिजे. पुस्तक त्यावर भर देतं. आपल्याकडे मित्रमंडळींत असं आधी बोलणं लोकांना औपचारिक वाटतं, ‘आपल्याआपल्यात कसलं आलंय’ म्हणून ते टाळलं जातं. या खेळात टाळू नका. आपल्याआपल्यातच लागतं ते जास्त.

लिहिणाऱ्यांसाठी या प्रकरणातून मी काय सुचवेन? सगळ्यात आधी हे की जग रचत बसू नये. मराठीत फँटसी लिहू बघणाऱ्या तरुण मंडळींच्या वह्या मी पाहिल्या आहेत: पन्नास पानं भूगोल, वीस पानं वंशावळ, कथा शून्य. गिलेनकडे जग तयार होतं, ते लोकांना आवडलेलं होतं, विकलं गेलं असतं, आणि तरी खेळ करताना त्यानं ते बाजूला ठेवलं. आपल्या कथेत नेमकी कुठली कृती अशी आहे जी दुसऱ्या कुणालाही करून बघावीशी वाटेल, हे शोधावं. ती सापडली तर खेळ एका पानावर मावतो. सापडली नाही तर पाचशे पानांतही मावत नाही.

दुसरं, कच्चं काम लवकर बाहेर सोडावं, फुकट सोडावं, आणि अनोळखी लोकांकडे. मित्र तुमच्या नियमांतली भोकं आपोआप बुजवून खेळतात, कारण तुमच्या मनात काय आहे ते त्यांना ठाऊक असतं. कॉमिकबाबत मात्र मी हा सल्ला देणार नाही; अर्धवट रंगलेलं पान बाहेर गेलं की ते तसंच लोकांच्या लक्षात राहतं. पैशांबद्दल म्हणाल तर गिलेनच्या आठवड्याची नक्कल करायला जाऊ नका, तिथे पानामागे दर देणारा उद्योग उभा आहे आणि आपल्याकडे तो नाही. घ्यायची तर वाटणी घ्या: भाकरी देणारं काम एका बाजूला, स्वतःच्या हक्काचं दुसऱ्या बाजूला, आणि खेळ त्या दुसऱ्यातही सर्वांत संथ. आणि चित्रकाराला बरोबरीचा भागीदार धरा. मुखपृष्ठावर दोघांची नावं बरोबरीनं हवीत, आणि कराराच्या कागदावरही तसंच असायला हवं.

ज्यांना नुसतं खेळायचंय, त्यांनी पहिला खंड वाचावा, बाकीचे नंतर. लांबलचक मोहीम आखू नये. हा खेळ दोन-चार बैठकींत सर्वांत चांगला लागतो. फाशांची चिंता नको. सात फाशांचा जो नेहमीचा संच मिळतो, त्यात चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचा एकेक असतोच, आणि टेबलावर प्रत्येक प्रकारचा गडी एकच असल्यामुळे एका संचात सगळ्यांचं भागतं. सातवा, दशकांचे आकडे असलेला, डबीतच राहू द्या. साधे सहा बाजूंचे मात्र मूठभर लागतील. ते माळ्यावरच्या जुन्या लुडो आणि व्यापारच्या खोक्यांतून काढा.